फ्रिजच्या भंगारातून रोपांचे ट्रे

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर मी नेहमी खताच्या मात्रा, बेणेबदल, हुमणी असल्या गोष्टी लिहितो. या वेळी एका यंत्राची हकिगत लिहायची आहे. यंत्र म्हणजे फार मोठे नव्हे. आपल्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, हिरव्या रंगाचे आणि जरासे वाकडे असे जे काही उभे आहे, ते. येता-जाता बरेच सभासद विचारतात, "साहेब, हे काय, पापडाचं मशीन का?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावे म्हटले.

सुरुवात २०२४ च्या आडसालीपासून करतो. नदीकाठच्या गटात एका काकींची एक एकर काळी जमीन आहे. घरात कर्ता माणूस नाही, सगळा कारभार त्यांच्याच अंगावर. कांडी लावण्याऐवजी रोपे लावा, बेणे वाचेल, रोपवाटिकेत महिना गेला तर रानातले पाणी वाचेल, असे मीच त्यांना दोन बैठकांत समजावून सांगितले होते. चार फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकराला ५,४४५ रोपे लागतात. ४२ कपांचा ट्रे धरला तर १३० ट्रे झाले. काकींनी पैसे भरले, आपण रोपे तयार केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपे पाच आठवड्यांची, अगदी लावणीजोगी.

आणि पाऊस लागला. तो जुलै कोणी विसरलेले नाही. काळ्या रानात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जात होता. वाफसा म्हणून नाही. रोपे ट्रेतच राहिली. पन्नास दिवस झाले, साठ झाले, पाने पिवळी पडायला लागली. आम्ही शेंडे खुडले, थोडे युरियाचे पाणी दिले, पण त्या एवढ्याशा कपात मुळ्यांनी जायचे कुठे? ऑगस्टच्या मध्याला एकदाचे रान आले आणि रोपे उपसली, तर प्रत्येकाच्या बुडाशी मुळ्यांची चुंबळ झालेली. बायका घागरीखाली डोक्यावर घेतात तशी, गोल गोल वळलेली. अशी मुळी जमिनीत गेली तरी लवकर पसरत नाही, आपल्याभोवतीच फिरत राहते. पंधरा दिवसांनी फडात गेलो तर नांग्याच नांग्या.

काकी बांधावर उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, "रोपं कारखान्याची, पाऊस देवाचा, आन् तूट तेवढी माझी, व्हय साहेब?"

मला उत्तर सुचले नाही. सुचले असते तरी ते बांधावर उभे राहून द्यायचे नव्हते.

त्यानंतर मी मोठ्या कपाच्या ट्रेच्या मागे लागलो. ज्या कपात रोप दोन महिने सुखाने राहील, मुळी खाली उतरेल, वळणार नाही, असा कप. आमच्या हिशेबाने वर तोंडाशी ६ सेंटिमीटर, तळाशी ४ आणि खोली ७ सेंटिमीटर. अशा कपात सुमारे १४० मिलिलिटर कोकोपीट बसते. ट्रे पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे विचारणा केली. तो म्हणाला, "नवा साचा पाडायचा तर हजारांत ऑर्डर द्या." हजारांत ऑर्डर कशावर द्यायची? असा कप आपल्याकडे चालतो की नाही हेच तर बघायचे होते. बघायला शंभरभर ट्रे पाहिजेत, आणि शंभर ट्रेंसाठी कोणी साचा पाडत नाही. तिथे गाडी अडली.

फ्रिजच्या पोटात काय दिसले

दिवाळीनंतर आमच्या घरचा जुना फ्रिज बंद पडला. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीकडे नेला. त्याने पाहिले आणि हात जोडले. "साहेब, ह्याच्यात आता जीव नाही." मग माझ्यासमोरच तो खोलला. फ्रिजच्या आतला पांढरा खोका, ज्याला कप्प्यांच्या पट्ट्या आणि गोलसर कोपरे असतात, तो अख्खा बाहेर निघाला. मी पाठीमागून पाहिला. सांधा कुठेही नाही. मधल्या भागात चांगला जाड, आणि खोल कोपऱ्यांत इतका पातळ की उजेड दिसत होता. मिस्त्री म्हणाला, "एकाच शीटमधून ओढलेलं असतं हे. गरम करायचं आणि व्हॅक्यूम मारायचा."

बिस्किटांच्या पुड्यातला खाचाखाचांचा ट्रे, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, लग्नातले पाण्याचे पातळ ग्लास, आणि आपले रोपांचे ट्रे, बहुतेक सगळी याच कुळातली मंडळी. मी तो खोका आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर, दोन्ही जीपमध्ये टाकून घरी आणले. घरच्यांनी कपाळाला हात लावला, ते सोडून देऊ.

व्हॅक्यूम म्हणजे ओढणे अशी माझीही समजूत होती. ती काढली आपल्या पॅन विभागातल्या एका निवृत्त पॅनमननी. तीस वर्षे व्हॅक्यूमच्या काट्याकडे बघण्यात गेलेला माणूस. ते म्हणाले, "व्हॅक्यूम काय ओढत नाही, साहेब. बाहेरची हवा ढकलते. आतली काढली की बाहेरचीला अडवायला कोणी उरत नाही, एवढंच." आपल्या डोक्यावरच्या हवेचा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भार असतो. तो सगळीकडून सारखा असतो म्हणून जाणवत नाही. आपल्या पॅनमध्ये हवा काढून घेतात त्यामुळे सिरप ७० अंशांच्या आतच उकळते आणि साखर करपत नाही. ट्रेच्या बाबतीत तीच हवा वेगळ्या कामाला लावायची. प्लॅस्टिकची शीट गरम करून मऊ करायची, साच्यावर ठेवायची, आणि साच्याच्या बारीक भोकांतून खालची हवा काढून घ्यायची. वरची हवा शीटला साच्याच्या कानाकोपऱ्यात दाबून बसवते. शीट थंड झाली की तो आकार कायम.

इतके समजल्यावर मला वाटले, पंधरा दिवसांचे काम आहे. लागले चार महिने.

ड्रम चेपला तो दिवस

कार्यकारी संचालक साहेबांना भेटून परवानगी मागितली. त्यांनी ऐकून घेतले आणि टिपणावर लिहिले, "खर्च भंगारातूनच." म्हणजे परवानगी झाली.

आधी सोपा मार्ग म्हणून घरच्या व्हॅक्यूम क्लीनरवर हात टाकला. तो हवा भरपूर ओढतो पण जोर कमी. गेजवर पाच-सहा इंचांच्या वर काटा गेला नाही. शीट साच्यावर नुसती पसरली, कपात उतरलीच नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचे उलट. त्याची ओढ खोल, पण घोट लहान. पंचवीस इंचांपर्यंत काटा नेतो, पण मुंगीच्या पावलाने. शीट तर गरम झाल्यावर पाच-सात सेकंदांत थंड होते, तेवढ्यात सगळी हवा गेली पाहिजे. तेव्हा आधी एका टाकीत व्हॅक्यूम साठवून ठेवायचा आणि ऐन वेळी कॉक उघडायचा, हा उपाय. विहिरीत पाणी हळूहळू साठते आणि मोट एकदम भरते, तसेच.

टाकी म्हणून मी गोडाऊनमधला २०० लिटरचा रिकामा तेलाचा ड्रम घेतला. पॅनमन त्या दिवशी गावाला गेले होते, नाहीतर त्यांनी मला हात लावू दिला नसता. कॉम्प्रेसर चालू केला. सात-आठ मिनिटे झाली असतील, काटा बारा इंचांवर आला आणि असा काही आवाज झाला की चिटबॉय पोरे ऑफिसमधून पळत आली. ड्रम चेपून हातात पिळलेल्या फडक्यासारखा झाला होता. कोणाला लागले नाही हे नशीब. नंतर हिशेब केला. ड्रमच्या गोल अंगाचे क्षेत्र साडेपंधरा हजार चौरस सेंटिमीटर, बारा इंचांना दर चौरस सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम, म्हणजे सहा टनांवर भार. दोन-तीन टायरगाड्यांचा ऊस एका पत्र्याच्या डब्यावर चढवला तर दुसरे काय होणार? तो ड्रम मी मुद्दाम शेडबाहेर ठेवला आहे. यंत्र करायला निघालेल्याने आधी तो पाहावा.

पुढे नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरण्याच्या जुन्या कॉम्प्रेसरची १०० लिटरची टाकी मिळाली. मोटर जळालेली, टाकी शाबूत. जाड पत्र्याची, दोन्ही टोके फुगीर. दाबाची हवा सोसण्यासाठी केलेली असल्याने बाहेरून येणारा एक किलोचा भार तिला जड गेला नाही. मात्र अशा जुन्या टाकीत पुन्हा दाबाची हवा कोणी भरू नये. ती आतून गंजलेली असते आणि फुटली तर बॉम्बसारखी फुटते. आणि घरगुती गॅसचा सिलिंडर टाकी म्हणून वापरू का, असे दोघांनी विचारले. नाही. तो आपल्या मालकीचाही नसतो आणि आत वास असेपर्यंत गॅसही असतो.

टाकी जोडली तरी काटा पंधराच्या वर जाईना. कुठून तरी हवा शिरत होती. साबणाचा फेस लावून फुगे शोधत बसलो, पण इथे हवा बाहेर येत नाही, आत जाते, मग फुगा कसा दिसणार? पॅनमननी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली, आणि एकेका सांध्याजवळून सावकाश फिरवली. वाल्वच्या मागच्या आट्याजवळ धूर वाकून आत गेला. तिथे टेफ्लॉनची पट्टी आणि थोडे पांढरे सफेदा मिश्रण भरले, काटा पंचवीसवर. पॅनमध्ये लिकेज असेच शोधतात काय, असे मी विचारले तर नुसते हसले.

आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने इथे हवेचा पुरा भारच २८ इंचांच्या आसपास भरतो. त्यातले २५ मिळाले म्हणजे पुष्कळ झाले. साचा, त्याखालचा खोका आणि नळ्या मिळून सुमारे १२ लिटर हवा आहे. कॉक उघडल्यावर ती टाकीत शिरते आणि काटा २२ वर येऊन थांबतो. आपली शीट ५० बाय ४० सेंटिमीटरची, म्हणजे २,००० चौरस सेंटिमीटर. २२ इंचांना तिच्यावर एकूण दीड टन भार येतो. तो कुठून आणायचा नाही, आहेच. रिकामी टाकी पहिल्यांदा भरायला, म्हणजे खरे तर रिती करायला, वीस मिनिटे लागतात, नंतर दर ट्रेमागे सात-आठ. कॉम्प्रेसर एरवी परत येणाऱ्या गॅसने थंड राहतो, इथे गॅस नाही, म्हणून तो तापतो. अर्धा तास चालला की हात लावून बघायचा, चटका बसला की विश्रांती. हवेबरोबर तो थोडे थोडे तेलही बाहेर टाकतो, ते बाटलीत धरून पुन्हा घालावे लागते. आमच्या फ्रिजमधला गॅस केव्हाच उडून गेलेला होता. चालू फ्रिजची नळी मात्र कोणी स्वतः कापू नये. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये पेट घेणारा गॅस असतो. ते मिस्त्रीचे काम.

शेगडी, साचा आणि घोंगडी

बाकीची जमवाजमव सांगतो. सांगाडा मोडक्या लोखंडी खाटेच्या अँगलचा. शीट धरण्याची चौकट त्याचीच, खिडकीच्या बिजागऱ्यांवर उघडणारी, आणि कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, हवा शिरू नये म्हणून. ती खालीवर सरकते शेडनेटच्या उरलेल्या दोन पाइपांवर. दीड इंची बॉल वाल्व निकामी झालेल्या ठिबकच्या फिल्टरवरचा. नळी सक्शनची, तारेची. साधी नळी चालत नाही, व्हॅक्यूम लागताच ती चपटी होते. आमची झाली.

उष्णतेसाठी शेगडीच्या हजार वॉटच्या तीन तारा. त्या बसवल्या बॉयलरच्या भट्टीतून दुरुस्तीच्या वेळी निघालेल्या विटांना खाचा पाडून. विटा रीतसर गेटपास काढून आणल्या आहेत, हे येथे नमूद करतो! एका सभासदांनी घरच्या जुन्या छपराचा ॲस्बेस्टॉसचा तुकडा देऊ केला होता. आभार मानून तो नाकारला. तो कापला-घासला की त्याचे तंतू छातीत जातात आणि वर्षानुवर्षांनी माणसाला आजारी पाडतात. तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर करंट, तेव्हा वायर जाड, अर्थिंग पक्के, आणि शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, यात काटकसर केली नाही. या तीन वस्तू नव्या विकत घेतल्या. यंत्रातले नवे एवढेच.

शेगडी मी आधी शीटच्या खाली ठेवली होती. उष्णता वर जाते, असे डोके चालवले. शीट तापली, पोट सुटून खाली आली आणि थेट तारेवर टेकली. काळा धूर, आणि वास दोन दिवस गेला नाही. तेव्हापासून शेगडी वर, टेबलाच्या ड्रॉवरच्या पट्ट्यांवर सरकणारी. शीट तापली की ती मागे ढकलायची. जवळ वाळूची बादली असते. पाण्याची नाही, कारण विजेच्या तारा आहेत.

शीट 'हिप्स' या नावाने मिळते, म्हणजे न फुटणारे पॉलिस्टायरीन, फ्रिजच्या खोक्याचेच भावंड. आपण काळी घेतो, म्हणजे मुळ्यांपर्यंत उजेड जात नाही. भंगारातले पीव्हीसी, जुने फ्लेक्स वगैरे तापवू नये, त्याच्या धुरात आम्ल असते. हिप्सचाही वास चांगला नाही, म्हणून शेडच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवूनच काम करायचे.

शीट कधी तयार झाली हे घड्याळापेक्षा डोळ्याने कळते. आधी तिला सुरकुत्या पडतात, वेडीवाकडी होते. नवख्याला वाटते झाली. नाही. मग ती ताणून हलगीच्या कातड्यासारखी सपाट होते. तरी नाही. नंतर तिचे पोट सुटते. ते दोन-अडीच सेंटिमीटर खाली आले की खरी वेळ. दीड मिलिमीटरच्या शीटला आपल्या शेगडीवर दोन-अडीच मिनिटे लागतात. थंडीत सकाळी जास्त.

साच्यासाठी लाकडात निमुळते खड्डे कोरायला सुताराने जो भाव सांगितला तो ऐकून मी प्लॅस्टर ऑफ पॅरिसकडे वळलो. कपाच्या मापाचा निमुळता पेला शोधला, त्याला एरंडेल लावले, आणि सागवानी चौकटीत प्लॅस्टर ओतून त्यात पेला दाबून एकेक खड्डा काढला. चार ओळी, प्रत्येकीत पाच, एकूण वीस. हवा जायला प्रत्येक खड्ड्याच्या तळकोपऱ्यांत सहा भोके हवीत, तीही मिलिमीटरभरच. मोठी झाली तर शीट त्यात शिरून ट्रेला मुरमे येतात. सळया बांधायच्या बारीक तारेचे तुकडे ओल्या प्लॅस्टरमध्ये उभे ठेवले आणि घट्ट होताना उपसले, काम झाले. साचा दहा दिवस उन्हात वाळवला. ओला असता तर गरम शीट लागताच वाफ धरली असती.

पहिला ट्रे निघाला त्या दिवशी आम्ही पेढे आणले. पेढे खाऊन झाल्यावर मी कपाच्या तळाला बोट लावले आणि बोट आरपार गेले. कांद्याच्या पापुद्र्यासारखा तळ. याचे कारण भाकरी थापणाऱ्या कोणालाही कळेल. एका कपाच्या तोंडावर २८ चौरस सेंटिमीटर शीट असते, आणि तिला ताणून कपाचे सगळे अंग झाकायचे, ते भरते १२० च्या वर. म्हणजे चारपटीहून जास्त ताण. तोही सारखा नाही. शीट आधी साच्याच्या काठाला चिकटते, तिथेच थंड होऊन जाड राहते, आणि तळाला सगळ्यात शेवटी पोचते, तेव्हा तिच्यात काही उरलेले नसते. फ्रिजच्या खोक्याचे कोपरे पातळ का होते ते त्या दिवशी समजले.

उपाय असा की हवा काढण्याआधी वरून दट्ट्याने मऊ शीट कपात हळूच ढकलायची, तीन-चतुर्थांश खोलीपर्यंत, आणि मग कॉक उघडायचा. शीट दट्ट्याच्या टोकाला जाड राहते आणि तीच तळाला जाते. सुताराने जुन्या बैलगाडीच्या चाकाचे आरे तासून वीस दट्टे केले, एका फळीवर बसवले. पण गार लाकूड लागले की शीट तिथेच गोठायची, टोकाचा ठसा उमटायचा. दट्ट्यांना काहीतरी ऊबदार गुंडाळायला हवे होते. आमच्या शेडमध्ये राखणदाराची जुनी घोंगडी पडलेली असते. तिचे वीस तुकडे केले, टोकांना बांधले, आणि त्यानंतर जो ट्रे निघाला त्याचा तळ बोटाने दाबला तरी फाटला नाही. राखणदाराला नवी घोंगडी घेऊन दिली. ती रक्कम 'खर्च भंगारातूनच' यात कशी बसवायची हे अकाउंटंटना अजून सुचलेले नाही.

दहा गुंठे

मेच्या सुरुवातीला काकींकडे गेलो. ट्रे दाखवला, कप दाखवला. त्यांनी ट्रे उलटा करून पाहिला, बोट दाबले (माझ्या छातीत धस्स झाले) आणि म्हणाल्या, "धाच गुंठं. बाकीचं कांडीनंच लावणार." मागच्या वर्षीनंतर त्यांनी दहा दिले हेच फार. दहा गुंठ्यांना १,३६१ रोपे, म्हणजे ६९ ट्रे. यंत्रावर दिवसाला पस्तीसच्या आसपास ट्रे निघतात, आणि खराब निघालेले धरून ते काम तीन दिवसांत झाले. एक माणूस शेगडीवर, एक दट्ट्यावर. तळाची भोके तापलेल्या खिळ्याने पाडली.

२०२५ साली मॉन्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला हे आपण सर्वांनी भोगले. नांगरटी राहिल्या, सऱ्या राहिल्या. काकींच्या रानाला या वर्षीही वेळेवर वाफसा आला नाही. रोपे साठ दिवसांची झाली तेव्हा लावण झाली. तुलनेसाठी मी चार नेहमीचे ४२ कपांचे ट्रे त्याच दिवशी भरून शेजारी ठेवले होते. लावणीच्या दिवशी दोन्हींतली रोपे काकींच्या समोर उपसली. लहान कपात चुंबळ. मोठ्या कपातला गड्डा अख्खा निघाला, मुळ्या सरळ खाली उतरलेल्या, तळाशी वळायला नुकती सुरुवात. काकींनी तो गड्डा हातात घेऊन दोन वेळा फिरवून पाहिला. काही बोलल्या नाहीत. लावायला बसल्या.

नांग्या पडल्या, पण हातावर मोजण्याइतक्या, आणि त्या भरायला त्याच वयाची रोपे शिल्लक होती. उताऱ्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. हे लिहीपर्यंत तोड व्हायची आहे. काट्यावर वजन होईल तेव्हा याच पानावर आकडा देईन, चांगला असो वा वाईट.

आता दुसरी बाजू. मोठ्या कपाचा ट्रे सर्वांनी वापरावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. एकराला १३० ऐवजी २७३ ट्रे लागतात, कोकोपीट जास्त, वाहतूक जास्त, आणि भरलेला ओला ट्रे खाली फळी दिल्याशिवाय उचलू नये, मधे वाकतो. एका ट्रेला सुमारे ३१५ ग्रॅम शीट जाते, बाजारातल्या ट्रेच्या मानाने फार. पैशाने आपला ट्रे बाजारच्या ट्रेला हरवू शकत नाही. ज्यांचे रान मुरमाड, पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वाफसा, त्यांनी नेहमीचाच ट्रे घ्यावा आणि पस्तीस-चाळीस दिवसांत लावण उरकावी. हा ट्रे नदीकाठच्या काळ्या रानांसाठी, आणि नांग्या भरायला थोडी वयस्क रोपे हाताशी ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी. आपल्या ट्रेंचे कोपरेही अजून तडकतात. साच्याच्या कडा मी फार धारदार ठेवल्या, ती माझी चूक. पुढचा साचा गोलसर कडांचा होतो आहे. हिप्सला ऊन सोसत नाही, दोन-चार महिने उघड्यावर पडले की कडकड मोडते, म्हणून रिकामे ट्रे सावलीतच ठेवावेत. आणि कातरण जाळू नये, आमच्याकडे आणून द्यावी, भंगारवाला नेतो.

दर गुरुवारी दुपारी तीननंतर यंत्र चालू असते. ज्यांना पाहायचे त्यांनी यावे. एका सभासदांनी वांग्या-मिरचीच्या रोपांसाठी वेगळा साचा करता येईल का, असे विचारले आहे. येईल. प्लॅस्टर त्यांनी आणावे. नदीकाठच्या गटातील ज्या सभासदांना पुढील आडसालीसाठी मोठ्या कपाची रोपे हवी असतील त्यांनी मार्चअखेर गट ऑफिसात नाव द्यावे. यंत्र एकच आहे, तेव्हा पाच एकरांच्या वर घेता येणार नाही.

काकींनी पुढच्या वेळेला वीस गुंठे सांगितले आहेत. ट्रे परत करायला त्या स्वतः आल्या होत्या. धुतलेले, सावलीत वाळवलेले, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. एक ट्रे मात्र वेगळा धरला होता. त्याचा कोपऱ्यातला कप तडकलेला. तो माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ह्यो मोजू नका. ह्यो दुरुस्त करून द्या."